बारा रेघांचं अक्षर

"एखादं जपानी अक्षर लिहून दाखव की बाई," सरपंच कल्याणराव माईकवरून म्हणाले, आणि कुणीतरी शालूच्या हातात खडू दिला.

खांद्यावर शाल, एका हातात नारळ, दुसऱ्यात खडू. मागं फळा. समोर शाळेच्या पटांगणात सव्वीस जानेवारीच्या झेंड्यासाठी जमलेलं अख्खं गाव. पळून जावं म्हटलं तर फाटकावर तिचाच फ्लेक्स होता: 'जपानला निवड झाल्याबद्दल गावच्या कन्येचं हार्दिक अभिनंदन.' त्यावर सरपंचांचा फोटो तिच्या फोटोच्या दुप्पट होता.

निवड काही झाली नव्हती. डिसेंबरात पुण्याला जपानी भाषेची परीक्षा देऊन ती परतली, तेव्हा केदारखेड्याच्या फाट्यावर कुणीतरी तिच्या वडिलांना, कारभारी आबांना, विचारलं, "कसा गेला पोरीचा पेपर?" ते म्हणाले, "बराबर गेला." आमच्याकडं एवढं पुरतं. दुसऱ्या दिवशी फ्लेक्स लागला. ती परीक्षा पास झाली असती, तर तिकडं म्हाताऱ्यांची सेवा करायच्या नोकरीसाठी नुसता अर्ज करता आला असता. पण लोक तिला 'जपानवाली' म्हणू लागले. पुष्पाआत्या पेढे घेऊन आली. शाळेच्या बाईंनी पोरींना सांगितलं, शालूताईसारखं व्हा.

तीन दिवसांपूर्वी निकाल लागला. शालूनं तो मोबाईलवर पाहिला आणि भाकरी थापायला बसली. जुलैत परत बसता येतं, हे तिला ठाऊक होतं. पण आबांना सांगायचं कसं? कारभारींनी आजवर कुणापुढं मान खाली घातली नव्हती. ती आता भर गावात घालायला लागणार, तीही पोटच्या पोरीपायी. म्हणून तिनं घरात कुणालाच निकाल सांगितला नव्हता.

त्यात आबाही तीन दिवस धड बोलत नव्हते. ताटावरून अर्धवट उठत होते. लेक लांब जाणार म्हणून जीव तुटत असेल, असं ती धरून चालली. काल तर ते सरपंचांना म्हणाले, "सत्काराचं राहू द्या, पुढं बघू." सरपंचांना तो विनय वाटला. त्यांनी आणखी एक हार सांगितला.

शालू फळ्याकडं वळली. तिला अक्षरं काय थोडी येत होती? पाणी, डोंगर, आई. त्यातलं एखादं काढून सुटता आलं असतं. पण हात भलत्याच अक्षराकडं गेला. ते परीक्षेला नव्हतं. निकाल पाहिल्यावर तिनं ते मुद्दाम शोधून पाठ केलं होतं. वर गवताची खूण, डावीकडं पाण्याच्या थेंबांची, उजवीकडं 'प्रत्येक' या अर्थाची. एकूण बारा रेघा.

落

टाळ्या पडल्या. "झकास! वाचायचं कसं म्हणे?" सरपंचांनी विचारलं.

"दोन तऱ्हेनं," शालू म्हणाली. "आमच्या क्लासच्या मॅडम सांगतात, या अक्षरांना बाईसारखी दोन नावं असतात. चीनमधून आणलेलं माहेरचं, अन् जपाननं ठेवलेलं सासरचं. याचं माहेरचं 'राकु'. सासरचं 'ओचिरु'."

बायका खुदखुदल्या. सोनूबाई, शालूची आई, पदर तोंडाला लावून कौतुकानं बघत होती.

"अन् अर्थ?"

'भरभराट' म्हटलं असतं तरी खपलं असतं. तिथं खरंखोटं करणारं कोण होतं? सरपंचांनी ते अक्षर उद्याच ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवून घेतलं असतं. मग रोज त्या भिंतीवरून जायचं, कुणी विचारलं की रोज भरभराट सांगायची.

"खाली पडणं," ती म्हणाली. "परीक्षेत नापास होतात, त्यालाबी हेच लिहितात. मी नापास झाले, आबा."

माईक चालू होता, त्यामुळं मागच्या पोरांपर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं. सरपंच फ्लेक्सकडं बघायला लागले. सोनूबाईचा पदर तोंडावर तसाच राहिला.

पहिल्या रांगेतले कारभारी उठले. आता ते फाटकातून निघून जाणार, असं शालूला वाटलं. तिनं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा आबा तिच्या शेजारी उभे होते. त्यांनी तिच्या हातातला नारळ घेऊन टेबलावर ठेवला, सरपंचांसमोरचा माईक आपल्याकडं ओढला आणि खाली मान घालून म्हणाले,

"क्लासवाल्यांचा निकालाचा मेसेज मला त्याच दिवशी आल्ता. तीन दिवस झाले, तुम्हाला सांगायची हिंमत करून राह्यलो, पण झाली न्हाई. पोरीनं केली."