हिरव्या पाण्याचा डाग

दुसरा फटका कोपरावर बसला, तेव्हा हाड मोडल्याचा आवाज अंकुशला स्वतःलाच ऐकू आला. भर दुपारी सदर भागातल्या त्याच्या गॅरेजपुढे गर्दी जमली होती, पण अमोलच्या हातातला लोखंडी पान्हा पाहून कुणी पुढे येईना.

"माह्या बहिणीचे पाय भाजले तुह्या पाइपानं!" अमोलनं त्याच्या बरगडीत लाथ घातली.

"गाडीच्या हीटरचे गंजके पाइप बदलले म्हणे यानं," मागून अमोलचा मेहुणा जितेंद्र म्हणाला. "काही बदलले नाही. काल फुटला एक, अन् उकळतं पाणी सरळ चारूच्या पायावर."

समोर जितेंद्रची जुनी डिझेल गाडी उभी होती. मागच्या सीटवर चारुशीला. दोन्ही पायांना गुडघ्यापर्यंत पट्ट्या. दवाखान्यातून ड्रेसिंग करून नवरा आणि भाऊ तिला थेट इथेच घेऊन आले होते.

रक्त थुंकत अंकुश उठला. महिन्यापूर्वी त्यानं स्वतः ते पाइप कापून काढले होते. इंजिनापासून पार डॅशबोर्डच्या आतपर्यंत गंजानं त्यांची चाळणी झाली होती. नवे बसवताना आपलीच काही चूक झाली असेल का? मारापेक्षा हा विचार त्याला जास्त लागला. मोडका हात छातीशी धरून त्यानं बॉनेट उघडलं. मग पुढचं दार उघडून पायाखालची चटई उलटली.

तो तसाच वाकून राहिला.

"भाऊ, इकडं पाहा," तो अमोलला म्हणाला. "मी पाइपात साधं पाणी नाही, इंजिन थंड ठेवायचं हिरवं कूलंट भरलं होतं. थेंब सांडला तरी डाग राहते. इथं नुसती धूळ हाये. पाइप धड, टाकी खुणेपर्यंत भरलेली. या गाडीत पाणी सांडलंच नाही."

"खोटं बोलून राहिला तो! मार त्याले!" जितेंद्र किंचाळला.

अमोलनं चटईखाली बोट फिरवलं. बोटाला कोरडी माती लागली. तो वळला.

"चारू?"

ती नवऱ्याकडे बघत होती. मग तिची नजर अंकुशच्या लोंबत्या हातावर गेली.

"गाडीत नाही भाजली मी, दादा. घरी भाजली. गॅसवरचं पातेलं माह्या नवऱ्यानंच ओतलं."

अमोलनं जितेंद्रची गचांडी धरली, हात उगारला.

"मारू नको त्याले," चारुशीला म्हणाली. "आधी मले उचल अन् पोलीस ठाण्यात ने. हिंमत हाये तोवर."