सासूबाई परत आल्या

सासूबाई रोज माझ्या कडू पाल्याच्या रश्श्यात बोट बुडवायच्या आणि म्हणायच्या, "सूनबाई, मीठ विसरलीस!" मी कधीच विसरत नसे. एकदाही "छान झालाय" न म्हणता त्या गेल्या.

पुढच्या वर्षी मला मुलगी झाली. गावच्या दिबियाने, म्हणजे कौल लावणाऱ्या भगताने, बियांच्या माळा टाकून सांगितलं, "तुझी सासूच परत आलीय." माझा नवरा ओकुडिली त्या तान्ह्या पोरीला "आई, आई" करू लागला.

ती दोन वर्षांची झाल्यावर मी तिला पहिल्यांदा तो रस्सा वाढला. "आता बोला, सासूबाई!"

तिने वाटी चाटूनपुसून पुढे केली. "अजून!"

"बघ, आईला आवडला!" ओकुडिली हसत सुटला.

मग मी चव घेतली. त्या दिवशी मी खरोखरच मीठ विसरले होते.