हत्तीगवताची शेगडी

गेल्या हिवाळ्यात चिखलदऱ्याच्या रानात सरपण गोळा करताना अस्वलानं द्वारकेचा दंड फाडला, तेव्हाच तिनं रानात जाणं सोडायचं ठरवलं. जळणासाठी घरामागच्या बरड तुकड्यावर तिनं हत्तीगवताची ठोंबं लावली.

"चारा जाळून कुणी शेकतं का?" सासू फणकारली.

गवत पुरुषभर वाढलं. गावातल्या यंत्रात दाबून त्याच्या बोटाएवढ्या कांड्या करायच्या होत्या. पण पहिल्या घाण्याला गवत ओलसर निघालं आणि नुसता भुसा झाला. सासूनं तोंड फिरवलं. द्वारकेनं उरलेलं गवत आठ दिवस कडक उन्हात वाळवून पुन्हा नेलं. या वेळी कांड्या खडखडीत निघाल्या.

संध्याकाळी झोंबरी थंडी पडली. शेगडीत टाकताच मूठभर कांड्यांनी धूर न करता जाळ धरला आणि खोली उबदार झाली. सासू शेगडीजवळ सरकून हात शेकू लागली.

"बरं वाटतंय का, आत्याबाई?"

"झकास!" सासूनं तिला जवळ ओढून घेतलं. "हे फसलं असतं, तर तू पुन्हा रानात गेली असतीस. त्याच धास्तीनं मी करवादत होते गं."

मग सुनेला तिथंच बसवून तिनं स्वतः भाकरी थापायला घेतली.