शेजारच्या खाटेवरची गोळी

"वय झालंय, येते कधी चक्कर," डॉक्टरांनी म्हातारीच्या मुलीची समजूत घातली. नर्सला वाचवायला ते खोटं बोलले. तिला मात्र राहवेना. "नाही ताई. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची रक्तदाबाची गोळी मी चुकून तुमच्या आईंना दिली." मुलगी भडकली. "आईला काही झालं असतं तर?" अख्ख्या वॉर्डाने ऐकलं. नर्सने सबब सांगितली नाही. चौकशी होणार, बढती हुकणार, हे तिला ठाऊक होतं. दिवसभर ती दर अर्ध्या तासाने म्हातारीचा रक्तदाब मोजत राहिली. संध्याकाळी डॉक्टर मुलीला म्हणाले, "धोका टळला. तुम्ही घरी जाऊन झोपा." दोन रात्री जागलेली मुलगी जागची हलेना. तिने नर्सला गाठलं. "सिस्टर, तुम्ही सांगा. जाऊ का मी?" नर्सने पुन्हा रक्तदाब मोजला. "जा ताई. आई बऱ्या आहेत." मुलीने आईचं पांघरूण सारखं करून पिशवी उचलली.