पाच पायांची मांजर

“हे बघ, पुन्हा तेच,” म्हणत चंद्रप्रकाशनं पिशवीतून उशीचा अभ्रा काढून बायकोसमोर टाकला.

अभ्र्यावर चष्मेवाले कावळे होते. चोचीवर घसरलेला चष्मा, पंखाखाली वर्तमानपत्र आणि रिटायर झालेल्या हेडक्लार्कचा तोरा. वनमालाचेच कावळे, यात शंका नव्हती. मागच्याच महिन्यात तिनं हा ठसा रबरावर कोरला होता आणि एका ओढणीपलीकडे तो कशावर छापलाही नव्हता.

“कुठे मिळाला?”

“घाटकोपरला, दाताच्या डॉक्टरकडून येताना. स्टेशनबाहेर एक फेरीवाला बसला होता.”

दोन महिन्यांपूर्वी छत्रीवाले खेकडे असेच हाती लागले होते. तेही घाटकोपरलाच.

नोकरी संपल्यावर वनमालाला हा नाद लागला. मुलुंडच्या त्या दोन खोल्यांत दर रविवारी ती, कमल आणि शीतल चटई अंथरून बसत, ठसे कोरत, सुती कापडावर छापत आणि शाळकरी पोरींसारख्या खिदळत. तिघींनी एकाच शाळेच्या ऑफिसात बावीस वर्षं काढली होती. विकायचं वगैरे काही नव्हतं, नुसती हौस. घरात पाय ठेवायला जागा उरायची नाही, म्हणून चंद्रप्रकाश बिचारा रविवारभर बाहेर भटकायचा आणि परतल्यावर जुन्या टूथब्रशनं सगळे ठसे धुऊन ठेवायचा. असा नवरा मिळायला नशीब लागतं, असं कमल म्हणायची.

खेकडे बाजारात दिसले आणि वनमालाचं डोकं फिरलं. कमलची भाची कपड्यांच्या दुकानात कामाला होती. तेवढ्यावरून वनमालानं कमललाच धरलं, नाही नाही ते बोलली. कमल रडत गेली ती गेलीच. आणि आता कमल नसताना हे कावळे.

“म्हणजे शीतल,” चंद्रप्रकाश म्हणाला. “दुसरं येतंच कोण आपल्याकडे?”

“शीतल असं नाही करणार हो.”

“कमलबद्दलही असंच म्हणायचीस.” त्यानं चिक्कीचा तुकडा दाढेखाली कडकन फोडला. “सोड ना हे सगळं. रविवारी आपण दोघं कुठेतरी जात जाऊ. चाळीस वर्षं मुंबईत राहतोय, जोगेश्वरीची गुंफासुद्धा बघितली नाही.”

पण वनमालाला सोडवेना. कमलच्या वेळी हातात पुरावा नव्हता, ते तिला आत कुठेतरी डाचत होतं. आणि शीतल तर तिच्या ऑपरेशनच्या वेळी आठ दिवस हॉस्पिटलातल्या बाकड्यावर झोपलेली बाई. तीही गेली, तर खिदळायला कुणी उरणार नव्हतं. या वेळी खात्री करून घ्यायची, असं तिनं ठरवलं.

दोन दिवस बसून तिनं मांजर कोरली. झोपाळ्यावर रेलून बसलेली, मिशांना पीळ दिलेली. एका रुमालावर छापून बघितली.

“चुकलीस,” ठसा धुताना चंद्रप्रकाश म्हणाला. “पाच पाय झालेत हिला.”

“मुद्दाम केलेत. ही फक्त शीतलला दाखवणार. बाजारात पाच पायांची मांजर आली, की चोर कोण ते कळेल.”

तो हातातला ठसा खिडकीकडे धरून बराच वेळ बघत राहिला.

“झकास,” तो म्हणाला. “डोकं आहे हं तुला.”

रविवारी शीतल आली ती आंबोळ्यांचा डबा घेऊनच.

“मनगट कसंय गं? कोरून कोरून हाताची वाट लावून घेशील एक दिवस.” तिनं वनमालाचा हात मांडीवर ओढला आणि तेल चोळायला लागली. “आणि कमलला फोन कर ना. काय झालं ते तूही सांगत नाहीस, तीही सांगत नाही. मी मधल्या मधे मरतेय.”

वनमालाची नजर कपाटाकडे गेली. रुमाल तिथे साड्यांखाली ठेवला होता. शीतलचा अंगठा तिच्या मनगटावर गोल गोल फिरत होता.

संध्याकाळी चपला काढता काढता चंद्रप्रकाशनं विचारलं, “दाखवलीस?”

“हं,” म्हणून वनमाला चहा ठेवायला आत गेली.

त्यानंतरच्या आठवड्यात तो घाटकोपरहून आला तेव्हा त्याचा चेहरा पडलेला होता. त्यानं वर्तमानपत्राची गुंडाळी तिच्या हातात दिली.

“वाटलं नव्हतं गं, खरं निघेल म्हणून.”

आत टेबलक्लॉथ होता. झोपाळ्यावर रेललेल्या मांजरीच मांजरी. वनमालानं एकीचे पाय मोजले. मग दुसरीचे मोजले.

“पाच,” चंद्रप्रकाश म्हणाला. “शीतलशिवाय कुणी बघितली होती ही?”

“कुणीच नाही.” वनमालानं टेबलक्लॉथ खाली ठेवला. “फेरीवाला तोच होता का हो?”

“तोच. पण जागा बदलतोय म्हणाला.”

“आणि दात?”

“बरा आहे आता. ते राहू दे, तू फोन लाव. एकदाचा सोक्षमोक्ष होऊ दे. तुला त्रास होईल, पण मी आहे ना.”

वनमाला उठली. तिनं कपाटातून रुमाल काढून टेबलक्लॉथशेजारी ठेवला. घडी अजून मोडलेली नव्हती. दोनदा चुकीचं बटण दाबलं गेलं, तिसऱ्यांदा फोन लागला.

“कमल, मी वनमाला. ठेवू नकोस गं फोन. चुकलं माझं, फार चुकलं.”

“अगं, कमलला कशाला?” चंद्रप्रकाश पुढे झुकला. “शीतलला लाव.”

वनमालानं फोनवर तळवा ठेवला आणि पहिल्यांदाच नवऱ्याकडे नीट बघितलं.

“त्या रविवारी मला धीर झाला नाही हो. शीतलनं ही मांजर अजून बघितलेलीच नाही.”