थर्लोची बिस्किटं

जोनाथन थर्लोने हात पुढे केला आणि डॉर्कसने तो घेतला नाही.

शस्त्राला न शिवणाऱ्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या प्रार्थनासभेत पाद्री नसतो, घंटा नसते. रविवारी सगळे तासभर गप्प बसतात, आतून आलंच तर एखादं माणूस उठून बोलतं, आणि शेवटी समोरच्या बाकावरचा ज्येष्ठ शेजाऱ्याचा हात हातात घेतो. मग सभा उठते. त्याआधी निघून जायची रीत नाही. क्राइस्टचर्च शहरातल्या त्या खोलीतून आजवर कुणी तसं गेलंही नव्हतं.

जोनाथनचा हात तसाच अधांतरी राहिला.

"डॉर्कस," तो कुजबुजला, "लोक खोळंबलेत."

"खोळंबू देत!" ती चांगली मोठ्याने बोलली. "काल मी बेटावर जाऊन आले. रूबेनला भेटायला."

रूबेनचं सगळ्यांना ठाऊक होतं. युद्ध नाही, काही नाही, तरी सरकारला गावोगावची पोरं कवायतीला हवी होती. डॉर्कसचा पोरगा नाही म्हणाला, म्हणून त्याला बंदरातल्या बेटावरच्या किल्ल्यात डांबलं. तिथे त्याने तोफा पुसायलाही नकार दिला, तेव्हा त्याचं जेवण तोडलं. आता नुसती कोरडी बिस्किटं आणि पाणी.

"रूबेनसाठी आपण सगळेच प्रार्थना करतोय," जोनाथन म्हणाला.

डॉर्कसच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. एवढं गोड येतं कुठून या माणसाच्या तोंडात!

"ठेव ती प्रार्थना तुझ्यापाशी! पोराच्या हिरड्यांतून रक्त येतंय. बिस्किट दाखवलं त्याने मला. दगड नुसता. आणि त्याच्यावर नाव कुणाचं, सांगू? थर्लो."

बाकांवर चुळबुळ झाली. जोनाथनची मान लाल झाली.

"मी बंदुका विकत नाही, डॉर्कस. बिस्किटं विकतो. भुकेल्याला खायला घालणं पाप कधीपासून झालं?"

"भुकेल्याला? अरे, पोरांना वाकवायला वापरतात ती! कवायतीच्या कायद्याविरुद्धच्या अर्जावर पहिली सही तुझी, आणि किल्ल्याला माल पुरवणाराही तूच. दोन्ही डगरींवर हात! बंदुकीला शिवू नकोस, हे माझ्या पोराला याच बाकावरून शिकवलं कुणी? तूच ना? नाही शिवला तो. भोगतोय बिचारा." तिचा आवाज चिरकला, पण ती थांबली नाही. "उद्याच्या होडीतून तुझे डबे जाणार नाहीत, एवढं बोल. आत्ता, सगळ्यांदेखत. मग घेते हात."

"मी नाही दिली तर दुसरा कुणीतरी देईलच की."

"मग देऊ दे ना दुसऱ्याला!"

जोनाथन दुसऱ्या अंगाला वळला. तिथे हॅना बसली होती. ऐंशीच्या घरातली, त्याची सख्खी मावशी. त्याने तिच्यापुढे हात धरला. म्हातारीने आपले दोन्ही हात शालीखाली घेतले.

"बरं," जोनाथन म्हणाला. त्याने हॅट उचलली, उठला, आणि बूट आपटत दारापर्यंत गेला. बाकी कुणी जागचं हललं नाही.

"जोनाथन," हॅना मान न वळवता म्हणाली, "खाली बस. सभा अजून उठलेली नाही."