हातगुण

पुण्याहून कायरोप्रॅक्टिक शिकून आलेल्या मुजीबनं परंड्यात दवाखाना टाकला, तेव्हा तीन महिने तिकडं कुणी फिरकलंच नाही. "सबर धर बेटा, येतील माणसं," असं त्याची अम्मी शरिफाबी रोज म्हणायची. आणि चौथ्या महिन्यात खरंच बाहेरचं बाकडं पुरेना. लोकांना शेवटी शिक्षणाची किंमत कळली, या आनंदात मुजीब भिंतीवरचं सर्टिफिकेट रोज सकाळी स्वतः पुसू लागला.

आज उत्तरेश्वरकाका आले. कंबरेत नस दबलेली, मुंग्या पार पायाच्या अंगठ्यापर्यंत. मुजीबनं त्यांना पालथं झोपवलं, एकेक मणका चाचपला आणि नेमक्या जागी दाब दिला. कट्ट! मुंग्या थांबल्या, कळ गेली, तरी काका काही उठेनात.

"काका, उठा आता. झालं."

"झालं कसं? लाथ कुठं मारली अजून?" काका पालथे पडूनच म्हणाले.

"लाथ? कसली लाथ?" मुजीबनं विचारलं.

"तुमच्या अम्मी आख्ख्या बाजारात सांगत्यात की, माझा मुजीब पायाळू हाय, त्याची एक लाथ बसली की कंबर मोकळी!"